फर्स्ट इयरच्या मुलांच्या डोक्यात अॅनाटॉमी राहते का, हे मोजायचं कसं?

अॅनाटॉमीवाली, सोलापूर

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका मेडिकल कॉलेजला अॅनाटॉमी शिकवते. प्रश्न जरा लांबलचक आहे, वैतागू नका.

आमच्याकडे अप्पर लिंब (हाताचा भाग) संपतं, पार्ट कंप्लीशनला, म्हणजे भाग संपल्यावरच्या परीक्षेला, मुलं बऱ्यापैकी मार्क घेतात, आणि मग लोअर लिंब (पाय) अर्ध्यावर आलेलं असताना सहज विचारलं की बाबा मीडियन नर्व्ह कुठल्या कुठल्या कॉर्डपासून तयार होते, की टेबलाभोवतीची सगळी एकमेकांकडे बघायला लागतात. ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे हाताला जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची, आकृती कागदावर बघाल तर फ्रेम करून लावावी अशी, रूट, ट्रंक, डिव्हिजन, कॉर्ड, सगळं रंगीत पेनांनी, सी५ ते टी१ एक रेघ चुकणार नाही, आणि त्याच पोराला कॅडॅव्हरच्या (डिसेक्शनच्या मृतदेहाच्या) काखेत पिन लावून विचारलं ही कुठली, तर गप्प. मागच्या बॅचमधल्या एकाने मला चक्क विचारलं, मॅडम यातली पिवळी कुठली? पुस्तकात नर्व्ह पिवळी, आर्टरी लाल, व्हेन निळी असते ना, आणि फॉर्मलिनमधल्या बॉडीत मेलं सगळंच मातकट. तिथे बोटांनी ओळखावं लागतं, नर्व्ह भरीव लागते, आर्टरी दाबली की जाड भिंतीची पोकळ नळी कळते, व्हेन चपटी पडलेली असते. हे चित्र काढून काढून कसं कळणार.

तर माझ्या डोक्यात असं आहे की दर आठवड्याला एका डिसेक्शनच्या शेवटी पंधरा मिनिटं पुस्तक बंद, मोबाईल बंद, प्रत्येकाला कोरी आउटलाइन द्यायची आणि म्हणायचं आठवेल ते काढा, आणि टेबलावर चारपाच पिना लावून ठेवायच्या त्या ओळखा. मार्क नाहीत. लगेच तिथेच बरोबर उत्तरं सांगायची. मला हे नुसतं करायचं नाहीये, नीट अभ्यास म्हणून करायचंय, मेडिकल एज्युकेशनच्या अॅडव्हान्स्ड कोर्सला प्रोजेक्ट लागतोच.

अडचण अशी की आजूबाजूला जे प्रोजेक्ट बघते त्यात शेवटी गुगल फॉर्म असतो, ‘ही पद्धत तुम्हाला आवडली का’, मुलं बिचारी स्ट्राँगली अॅग्रीवर टिक करतात, पाय चार्ट निघतो, झाला पेपर. मला ते नकोय. पण मग तुलना कशाशी करू, मोजू काय, कधी मोजू? अर्ध्या बॅचला द्यायचं नि अर्ध्या बॅचला नाही, हे बरोबर दिसतं का? आणि वरचे लोक म्हणतायत की एवढा खटाटोप कशाला, थ्रीडी टेबल, म्हणजे देह स्क्रीनवर फिरवून दाखवणारं यंत्र, घेऊ, तेच रिसर्च होईल. त्यावरही कुणी बोला.

---

पीएसएमचा माणूस

मॅडम, मी पीएसएमचा, म्हणजे प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यक विभागाचा. पहिलं म्हणजे गुगल फॉर्मबद्दल तुमचं बरोबर आहे आणि त्याला पुरावाही आहे, वरच्यांना तोंडावर सांगता येईल असा. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या मुलांवर डेस्लॉरिए आणि मंडळींनी एक प्रयोग केला, २०१९ ला पीएनएएस या संशोधन पत्रिकेत आला. एका गटाला अनुभवी माणसाचं गुळगुळीत लेक्चर, दुसऱ्याला तोच मजकूर पण गटात बसून स्वतः सोडवत. नंतर टेस्ट घेतली तर सोडवणाऱ्यांना जास्त येत होतं, आणि ‘तुम्ही किती शिकलात असं वाटतं’ विचारलं तर लेक्चरवाल्यांना वाटत होतं आपणच जास्त शिकलो. म्हणजे ‘आवडलं का’ आणि ‘आलं का’ या दोन प्रश्नांची उत्तरं चक्क उलट्या दिशेला गेली. फॉर्म भरून घ्या हवं तर, पण त्याला निकाल म्हणू नका.

तुम्ही जे करू म्हणताय त्याला रिट्रीव्हल प्रॅक्टिस म्हणतात, त्याचा गाजलेला प्रयोग रोडिगर आणि कार्पिके यांचा, २००६. मुलांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावर आणि एक समुद्रातल्या ऊदमांजरावर. एका गटाने तोच उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी चौदा वेळा वाचून झाला त्यांचा. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला, जेमतेम तीनचार वेळा, आणि बाकी तीन सत्रांत कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं, वाचणारे ४० वर आले आणि आठवून लिहिणारे ६१ वर. आता यातली तुमच्या कामाची गोष्ट कुठली सांगू का, ती म्हणजे ‘कधी’. तुम्ही पंधरा मिनिटांच्या सत्रानंतर लगेच पोस्ट टेस्ट घेतलीत, जी शंभरातले नव्वद प्रोजेक्टवाले घेतात, तर तुमची पद्धत हरलेली दिसेल. महिन्याभराने घ्या. तुमची मूळ तक्रारच महिन्याभरानंतरची आहे ना.

अर्ध्या बॅचला नाही द्यायचं याबद्दल: आलटून पालटून करा, क्रॉसओव्हर. अप्पर लिंबला ए बॅच आठवून काढते आणि बी बॅच तेवढीच पंधरा मिनिटं पुस्तक उघडून तोच भाग परत वाचते, लोअर लिंबला उलट. म्हणजे कुणाचंच नुकसान नाही. आणि ती पंधरा मिनिटं दोन्हीकडे द्यायचीच, हे फार महत्त्वाचं, नाहीतर एका बॅचला जास्त वेळ मिळाला म्हणून जास्त आलं असं कुणीही म्हणेल आणि ते खरंच असेल.

एथिक्स कमिटीकडे आधी जा. नंतर ‘डेटा तर आहेच, आता परवानगी घेऊ’ हे चालत नाही. आणि संमतीचा फॉर्म तुम्ही स्वतः फिरवू नका, तुम्हीच इंटर्नलचे मार्क लावणार म्हटल्यावर कुठलं पोरगं नाही म्हणणार? दुसऱ्या डिपार्टमेंटच्या कुणालातरी पाठवा.

---

बोनसेट हरवलाय

मी फर्स्ट इयर, दुसऱ्या कॉलेजचा. मॅडम मनापासून सांगतो, अजून एक टेस्ट? सोमवारी फिजिओ, बुधवारी बायोकेम, शुक्रवारी तुमची, आणि त्यात लॉगबुक सही, आम्ही झोपायचं कधी बे. (सॉरी, बे सवयीने आलं.)

पण एक खरं आहे. माझ्याकडे चार रंगांचे हायलायटर आहेत, पुस्तकाचं पान होळीला खेळून आल्यासारखं दिसतंय, आणि परवा व्हायवाला सरांनी क्लॅव्हिकल (गळ्याजवळचं हाड) हातात दिलं आणि म्हणाले साईड सांग, डाव्या बाजूचं की उजव्या. हाड हातात आल्यावर मला लॅटरल एंड चपटं असतं हे आठवायलाच वेळ लागला, कारण मी ते वाचलेलं होतं, हातात धरून बोललेलं कधीच नव्हतं. होस्टेलवर आम्ही व्हिडिओ डबल स्पीडने बघतो, बघताना सगळं समजतं. बंद केल्यावर काहीच नाही.

आमच्या रूममध्ये एकजण अक्कलकोटचा आहे, घरी कानडी, शाळा मराठी, एक पूर्व भागातला, घरी तेलुगू, आणि मी. रात्री आम्ही एकमेकांना समजावतो ते असल्या मिक्स भाषेत की मॅडम तुम्ही ऐकलं तर हसाल, पण तेच लक्षात राहतं. लेक्चरमध्ये इंग्लिशमध्ये प्रश्न विचारला की येत असूनही तोंड उघडत नाही. त्यामुळे तुमची ती कोरी आकृतीची आयडिया बरी वाटते, बोलायचं नाही, काढायचं. फक्त प्लीज मार्क नका ठेवू. आणि नाव पण नका लिहायला लावू कागदावर.

---

मोहोळचा विज्ञान मास्तर

मी मेडिकलचा नाही, हायस्कूलला विज्ञान शिकवतो, पण तुमची ती पिवळी नर्व्ह वाचून राहवलं नाही, कारण त्याचं मूळ आमच्याकडेच आहे. आठवीनववीच्या पोरांना विचारा शिरेतलं रक्त कुठल्या रंगाचं, निम्मा वर्ग निळं म्हणतो. पुस्तकात निळं, तक्त्यावर निळं, वर मनगटावरची शीर निळसर दिसते, पोरांनी तरी काय करावं. रक्तदान केलेल्या एखाद्याच्या वडिलांनी सांगितलं तरच पटतं की पिशवीत शिरेतलंच रक्त असतं आणि ते गडद लाल असतं. आणि दुसरं, हृदयाच्या चित्रात डावी बाजू कागदाच्या उजवीकडे असते. हे एकदा डोक्यात उलटं बसलं की तुमच्यापर्यंत तसंच येतं.

मी काय करतो सांगतो. मटणाच्या दुकानातून बोकडाचं हृदय आणतो, दुकानदार ओळखीचा आहे, वरच्या नळ्या जरा लांब ठेवून कापून देतो, नाहीतर ते बुडापासून उडवतात आणि मग महाधमनी कुठली ते दाखवायला काही उरत नाही. ज्यांच्या घरी चालत नाही ती पोरं जवळ येत नाहीत, मी सक्ती करत नाही, ती आकृतीवर काम करतात. आता खरी गंमत पुढे. आधी मी सरळ कापून दाखवायचो, पोरं वॉव वॉव करायची, आणि पंधरवड्याने विचारलं कुठल्या कप्प्याची भिंत जाड तर परत अंदाजपंचे. आता कापायच्या आधी वहीत लिहून घेतो: उजव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड असेल का डाव्या, आणि का. शेजाऱ्याशी भांडून घ्या. मग सुरी लावतो. डावी भिंत बोटभर जाड निघते, उजवी तिच्यापुढे पातळ, आणि ज्याने उलटं लिहिलेलं असतं तो पोरगा स्वतःच विचारतो सर असं का, मग फुप्फुस जवळ आणि अंग लांब हे सांगायला दोन मिनिटं पुरतात.

नंतर मुंबईला एका प्रशिक्षणाला गेलो होतो, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, टीआयएफआरचं आहे ते, तिथे कळलं की ह्याच्यावर अभ्यास झालेला आहे. हार्वर्डच्या एरिक माझुर यांच्या गटाने २००४ ला फिजिक्सच्या प्रात्यक्षिकांवर केलेला. नुसतं प्रात्यक्षिक बघणाऱ्यांना ते न बघणाऱ्यांपेक्षा फारसं जास्त समजलेलं नव्हतं, आणि ज्यांना आधी अंदाज बांधायला लावलं त्यांना चांगलंच जास्त. आपण एवढी मेहनत करून दाखवतो आणि पोरं सिनेमा बघितल्यासारखी बघतात, हे वाचून मला आधी रागच आला होता खरं तर.

मॅडम, तुमच्या कोऱ्या आउटलाइनमध्ये हे घालता येईल का बघा. स्किन काढायच्या आधीच विचारायचं, इथे कापलं तर काय लागेल.

---

निवृत्त, विजापूर रोड

चर्चा वाचली. तीसेक वर्षं डिसेक्शन हॉलमध्ये काढलेला माणूस म्हणून थोडं तिरकं बोलतो, राग मानू नये.

हल्ली सगळ्यांना मोजायचंय. डिसेक्शनने जे शिकवलं जातं ते पिना लावून मोजता येतं असं गृहीत धरलंय इथे. पहिल्या दिवशी पोरं शपथ घेतात त्या देहासमोर, देहदान केलेल्या माणसाचे आभार मानतात, त्यातली एखादी बाहेर जाऊन उलटी करून परत येते आणि दुपारी पुन्हा स्काल्पेल धरते. तिच्यात जे झालं ते तुमच्या कुठल्या पोस्ट टेस्टमध्ये येतं? एका टेबलावर बायसेप्सला (दंडाच्या स्नायूला) एरवीच्या दोनऐवजी तिसरं डोकं निघतं, मी सगळ्या टेबलांची पोरं गोळा करून आणायचो, या बघा, पुस्तक लिहिणाऱ्याला हा माणूस भेटला नव्हता. व्हेरिएशन ही गोष्ट पोरांना त्या दिवशी कळते. सर्जन झाल्यावर कामाला येते.

आणि पुस्तकावर विश्वास ठेवून बसायचं नसतं हा आमच्या विषयाचा इतिहासच आहे. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनने लिहून ठेवलं की खालचा जबडा दोन हाडांचा, हजारेक वर्षं कुणी तपासलं नाही, १५४३ ला व्हेसॅलियस या अॅनाटॉमिस्टने छापून सांगितलं की माणसात ते एकच हाड आहे. आपल्याकडे सुश्रुताने तर देह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग कुंच्याने एकेक थर खरवडत बघायचं असं लिहून ठेवलंय. बघून शिका, हात घालून शिका. १८३६ ला कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी डिसेक्शन केलं ते काय क्वेश्चनेअर भरून घ्यायला केलं का.

थ्रीडी टेबल आणा, पण बॉडीच्या ऐवजी नको. १९४९ चा अॅनाटॉमी अॅक्ट आहे म्हणून बेवारस देह मिळायचे, आता लोक स्वतःहून देहदानाचे फॉर्म भरतात, आणि आपण म्हणायचं आम्हाला स्क्रीन पुरते?

---

पीएसएमचा माणूस

सर, तुमचा मुद्दा मान्य आहे, फक्त ‘मोजता येत नाही’ आणि ‘अजून मोजलेलं नाही’ यात मी फरक करेन. बायसेप्सच्या तिसऱ्या डोक्याचंच घ्या. महिन्याभराने मुलांना एक व्हेरिएशन असलेला फोटो द्या, पुस्तकात नसलेला, आणि बघा कोण म्हणतं ‘हे चुकीचं आहे’ आणि कोण म्हणतं ‘हे वेगळं आहे’. मोजलं की.

थ्रीडी टेबलवाल्यांसाठी: २०१८ ला विल्सन आणि सहकाऱ्यांनी क्लिनिकल अॅनाटॉमी या जर्नलमध्ये मेटा अॅनालिसिस (अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब) छापलं, डिसेक्शन, आधीच कापून ठेवलेले स्पेसिमेन, मॉडेल, डिजिटल, सगळ्या प्रकारांची एकमेकांशी तुलना. परीक्षेतल्या तात्पुरत्या मार्कांत म्हणावा असा फरक नाही. म्हणजे ‘टेबल घेतलं की शिकणं वाढेल’ याला आधार नाही, आणि निवृत्त सर, ‘डिसेक्शन केलं की जास्त येतं’ यालाही त्या मार्कांपुरता नाही. काय वापरलं यापेक्षा पोरांना त्यावर काय करायला लावलं हे मोजा, मॅडमचा प्रश्न मुळात तोच आहे.

---

फिजिओ, होटगी रोड

एक भर. कॅनडात मॅकमास्टरला नॉर्मन, वेनमन वगैरे लोकांनी पेल्विसवर (कमरेच्या हाडांच्या सांगाड्यावर) बरंच काम केलंय. साधं प्लास्टिकचं पेल्विस हातात घेऊन शिकलेली मुलं स्क्रीनवर फिरवून शिकलेल्यांपेक्षा पुढे होती, आणि नंतर त्यांनी मुलांचा एक डोळा झाकून बघितलं तर मॉडेलचा तो फायदा बराच उतरला. म्हणजे दोन डोळ्यांनी खोली दिसते हा त्यातला मोठा भाग. आणि त्याच्याही आधी, २००१ ला लॅन्सेटमध्ये गर्ग आणि नॉर्मन यांचं, मनगटाच्या आठ हाडांवर. संगणकावर सगळ्या कोनांतून फिरवून दाखवलं तर ज्यांना डोक्यात वस्तू फिरवणं मुळातच जड जातं त्यांना त्याचा उपयोग होत नाही असं निघालं. टेबल विकणारा नेमकं तेच दाखवतो ना, बघा कसं गरगर फिरतंय.

आमच्याकडे मनगटाची हाडं मी स्वतःच्या हातावर पेनाने काढायला लावते. त्यातलं स्कॅफॉइड हे हाड कुठे दाबायचं ते एकदा स्वतःच्या हातावर कळलं की कळलं. खर्च शून्य.

---

अॅनाटॉमीवाली, सोलापूर

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद, काहींना सविस्तर उत्तर देते.

मास्तर, तुमची अंदाज बांधायची आयडिया मी घेतेच आहे, पण प्रोजेक्टमध्ये नाही घालत, कारण मग फरक आला तर तो आठवून काढण्याने आला की अंदाज बांधण्याने ते मला कळणार नाही. पुढच्या वर्षी तो वेगळा करू. बोकडाचं हृदय मात्र फाउंडेशन कोर्समध्ये आणायचं नक्की, मला आश्चर्य वाटतं आम्हाला कधी सुचलं नाही, अशोक चौकात काय कमी दुकानं आहेत.

निवृत्त सर, पुस्तकावर विश्वास ठेवू नका म्हणता आणि ‘तीसेक वर्षं बघितलंय’ यावर विश्वास ठेवा म्हणता, हे मला जरा अवघड जातंय हं. पण व्हेरिएशनचा प्रश्न मी टेस्टमध्ये टाकणार आहे, तो तुमच्यामुळे.

पीएसएम सर, दोन शंका. एक, प्री टेस्ट घेऊ का? घेतली तर मुलं सावध होतात, आणि प्री टेस्ट स्वतःच आठवायला लावते ना, म्हणजे वाचणाऱ्या बॅचलाही औषधाचा एक डोस मिळाला. दुसरी, ए बॅच आणि बी बॅच एकाच होस्टेलवर राहतात. शुक्रवारी ए ला दिलेली आउटलाइन रात्री बी च्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असणार, हे मी लिहून देते.

---

पीएसएमचा माणूस

पहिली शंका अगदी बरोबर. फर्स्ट इयरच्या मुलांना ब्रेकियल प्लेक्सस आधीपासून येत असण्याची शक्यता फार नाही, त्यामुळे प्री टेस्ट टाळली तरी आभाळ कोसळत नाही. बॅचा चिठ्ठ्या टाकून पाडा, रोल नंबरने नको, तुमच्याकडे रोल नंबर मेरिटप्रमाणे असतील तर घोळ होईल. दोन्ही बॅचा साधारण सारख्या आहेत हे दाखवायला आधीची एखादी अॅनाटॉमीचीच परीक्षा घ्या, जनरल अॅनाटॉमीचे मार्क चालतील.

आणि समजा घेतलीच प्री टेस्ट, तर हेकचं सूत्र वापरा, १९९८ चं, त्याने फिजिक्सच्या ६२ कोर्समधल्या साडेसहा हजार मुलांवर लावलं होतं. मिळालेली वाढ भागिले मिळू शकणारी वाढ. वर्गाची सरासरी २० वरून ६० ला गेली तर ४० भागिले ८०, म्हणजे अर्धी. ७० वरून ८५ ला गेली तरी १५ भागिले ३०, अर्धीच. नुसते वाढलेले मार्क बघितले असते तर पहिला वर्ग फार भारी वाटला असता. हेकच्या आकड्यांत पारंपरिक लेक्चरवाले वर्ग सरासरी ०.२३ वर होते आणि मुलांना बोलतं करतं ठेवणारे ०.४८ वर. फक्त हे वर्गाच्या सरासरीला लावा, एकेका मुलाला लावायला गेलात की आधीच ९५ असलेला पोरगा चार मार्क हरवून बसतो आणि सूत्र वेडंवाकडं उत्तर देतं.

दुसरी शंका, व्हॉट्सअॅप. थांबवता येणार नाही, प्रयत्न पण करू नका. पण बी बॅचला आउटलाइन मिळाली आणि त्यांनी ती भरली, तर दोन बॅचांतला फरक कमी होईल, जास्त नाही. म्हणजे एवढं असूनही फरक दिसला तर तुमचा निकाल उलट भक्कम. शेवटी एका ओळीत विचारा, दुसऱ्या बॅचचा कागद वापरलास का, आणि पेपरमध्ये लिहून टाका. कागद तपासताना कोड नंबर ठेवा, तपासणाऱ्याला बॅच कळता कामा नये, आणि निदान काही कागद दोघांनी वेगवेगळे तपासून जुळतात का बघा, कारण ‘अर्धवट बरोबर’ आकृतीला तुम्ही दोन द्याल, शेजारचे सर अर्धा देतील.

टेस्टमध्ये तीन प्रकार ठेवा: कोरी आउटलाइन, कॅडॅव्हरवर पिना, आणि क्लिनिकलचा एखादा प्रश्न, उदाहरणार्थ ह्युमरसचं (दंडाच्या हाडाचं) शाफ्ट मोडलं आणि मनगट लोंबायला लागलं, काय दुखावलं. मला वाटतं आउटलाइनमध्ये फरक हमखास दिसेल कारण तेच तर तुम्ही करवून घेताय, पिनांमध्ये कमी, क्लिनिकलमध्ये बघू. आणि नाही दिसला फरक तरी छापा. नाही दिसला हे छापत नाही म्हणून तर सगळीकडे सगळंच यशस्वी दिसतं.

---

निवृत्त, विजापूर रोड

अॅनाटॉमीवाली बाई, टोमणा पोचला. एक काम करा, पिना लावताना त्याच टेबलावर लावू नका ज्यावर ती पोरं रोज बसतात. आपल्या टेबलावरची नर्व्ह पोरं जागेवरून ओळखतात, कुणी किती साफ केलीय, कुठे चुकून कापली गेलीय, त्या खुणांवरून. दुसऱ्या टेबलाची बॉडी द्या, आणि एखाद्या ठिकाणी उजव्याऐवजी डावी बाजू द्या. मग कळेल कुणाला येतंय.

आणि पिन नर्व्हच्या आरपार घालू नका, दोरा बांधा. पिन घातली की शेवटच्या बॅचपर्यंत त्या जागी भोक उरतं आणि नर्व्ह राहत नाही.

---

अॅनाटॉमीवाली, सोलापूर

सर हे सोन्यासारखं आहे, दुसरं टेबल आणि दोरा, दोन्ही प्रोटोकॉलमध्ये जातंय. एप्रिल मे मध्ये टेस्ट येऊ देणार नाही, आमच्या हॉलमध्ये तेव्हा बेचाळीसच्या उन्हात फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात, पोरं पिन बघतील की डोळे पुसतील. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा पण सोडते, त्या दिवसांत निम्मी बॅच होम मैदानावर असते. एथिक्सला याच महिन्यात देते.

---

बोनसेट हरवलाय

मॅडम म्हणजे आमच्या कॉलेजला पण कुणी हे केलं तर पहिल्यांदा वाचणारी बॅच मागून घेता येते का? आराम आहे त्यात.

---

अॅनाटॉमीवाली, सोलापूर

नाही. चिठ्ठी निघेल ती बॅच. आणि लोअर लिंबला तुझी पाळी येतेच.